साडीचोळी पावली

भाऊबीजेच्या सकाळी सायखेड्याच्या घरासमोर मारुती व्हॅन येऊन उभी राहिली, तेव्हाच मंजुषाला कळलं की आज दादाला काहीतरी हवं आहे.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आधीच्या साऱ्या भाऊबीजा तिने एसटीने केल्या होत्या. सायखेडा ते नाशिक उभ्याने, आणि पुढे मखमलाबादच्या सिटी बसमध्येही उभ्यानेच. करंज्यांचा डबा डोक्यावर धरून ती माहेरी पोचायची, आणि भारतदादा म्हणायचा, "उशीर केलास, पाट कधीचा मांडून ठेवलाय." आज पाट मांडायच्या आधीच गाडी दारात होती, आणि गाडीच्या आरशाला शेवंतीची वेणीसुद्धा बांधलेली होती.

"गाडी पाठवली म्हणून हुरळू नको," रंगनाथ म्हणाला. "बकऱ्यालाबी टेम्पोतच नेत्यात."

"मग तुम्ही कशाला येताय?"

"मी आपला सोबत. तुमच्या बहीणभावाच्या मधी मी बोलत नाय." मग व्हॅनमध्ये बसता बसता तो हळूच म्हणाला, "सही करू नको, मंजुषा."

'मंजुषा' हे नाव तिला नवऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं त्याला वर्ष झालं होतं. त्याआधी दहा वर्षं ती नुसती 'ए' होती. सातबाऱ्यावर तिच्या नावापुढे जमीन वाढली, आणि त्या जमिनीबरोबर तिचं पूर्ण नावही घरात आलं.

ती जमीन मखमलाबादची. अडीच एकर, एक विहीर, दोन वाफे गुलाबाचे, बाकी शेवंती आणि झेंडू. वडील पुंजाराम पंचाण्णव साली गेले, तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं लागली: आई भागुबाई, भारत आणि मंजुषा. तिसरं नाव लागलं ते नुसतं काढण्यासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने तिला साडीचोळी द्यायची, आणि पुढे भाऊबीजेला 'उशीर केलास' म्हणायचं, अशी रीत होती. भागुबाईंनी तर येवल्याहून साडीही आणून ठेवली. अंजिरी रंगाची, जरीच्या काठाची. घरात तिला 'सहीची साडी' असंच नाव पडलं.

साडी आली, पण सही राहिली. पहिल्या वेळी मंजुषा निघाली तर एसटी ओढ्याजवळ बंद पडली, आणि ती पोचेपर्यंत रजिस्ट्रार कचेरी सोडून घरी गेले होते. दुसऱ्या वेळी ती बाळंतीण होती. तिसऱ्या वेळी रजिस्ट्रारची बदली झाली आणि नव्या साहेबाने चार्ज घेतला नव्हता. चौथ्या वेळी सुतक आलं. मंजुषाने कधी नाही म्हटलं नाही. हो म्हणायलाच दरवेळी उशीर होत गेला. साडी मात्र दर दसऱ्याला उन्हात टाकली जायची, तिच्या घड्या बदलायच्या, आणि डांबराच्या गोळ्यांसकट ती पुन्हा ट्रंकेत जायची.

मग भारतची फारकत सुरू झाली, आणि सगळं उलटं फिरलं.

भारत आणि सायलीचं का फाटलं, ह्याची घरात चार उत्तरं होती आणि चारही सायलीविरुद्ध होती. ते असो. सायली लहानग्या लेकीला, दिशाला, घेऊन सिडकोत भाड्याच्या खोलीत गेली, आणि कोर्टात पोटगीचा प्रश्न निघाला. पोटगी ठरते ती नवऱ्याजवळ काय आहे त्यावर, असं वकिलाने भारतला सांगितलं. भारतने हे वाक्य ध्यानात ठेवलं आणि जवळ काही ठेवलं नाही. सातपूरच्या वर्कशॉपातली तीन लेथ मशीनं धोंडीरामकाकांच्या नावावर गेली. आपण काकांकडे पगारी कामगार आहोत, असं भारतने प्रतिज्ञेवर लिहून दिलं. राहिली जमीन.

"बरं झालं मंजूची सही राहून गेली," त्या वेळी धोंडीरामकाका म्हणाले होते. ते पुंजारामांचे धाकटे भाऊ. गावातल्या निम्म्या भांडणांत ते पंच असत आणि उरलेल्या निम्म्यांत पक्षकार. "तिचं नाव सातबाऱ्यावर हायेच. तू तुझा हक्क तिला सोड. निकाल लागला की ती तुला सोडंल. घरातलं घरात."

बहिणीने भावाला हक्क सोडल्याचं रोजचंच होतं. भावाने बहिणीला सोडल्याचं मखमलाबादेत कुणी ऐकलं नव्हतं. फेरफार घालताना तलाठ्याने दोनदा चष्मा पुसला म्हणतात.

कागद केला तो झुंबरभाऊंनी. रजिस्ट्रार कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे हे दस्तलेखक. तारीख दोन दिवसांवर आली होती, भारत घाईत होता. झुंबरभाऊंच्या पेटीत ह्याच घराचा, ह्याच गटाचा, मंजुषासाठी पाच वर्षांपूर्वी केलेला कागद तसाच पडून होता. त्यांनी 'लिहून देणार'च्या जागी भारत टाकला, 'लिहून घेणार'च्या जागी मंजुषा टाकली, भावाचं बहीण केलं, आणि बाकीचा मजकूर होता तसा उतरवला. भारतने सही केली. मंजुषानेही केली. कागद वाचला कुणीच नाही. झुंबरभाऊंचा कागद वाचायचा म्हणजे भटजींना मंत्राचा अर्थ विचारण्यासारखं होतं.

आपण काय करतोय ते मंजुषाला कळत नव्हतं असं नाही. दिशाच्या तोंडचा घास लपवायला आपण जागा दिली, हे ती मनाशी स्पष्ट म्हणायची. पण सातबाऱ्याची नक्कल हातात आली, त्यावर आपलं नाव दिसलं, त्या दिवशी तिला स्वयंपाक करताना गाणं आठवलं होतं. महिन्याभराने तिने दुसरी नक्कल काढली. आपण वाईट आहोत का, ह्याचा तिने चार दिवस विचार केला, आणि मग तिसरी नक्कल काढली.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. पगारी कामगाराच्या ऐपतीप्रमाणे पोटगी ठरली. दिशाच्या शाळेच्या रिक्षाला ती पुरत होती, वह्यांना नाही.

*

पाच दिवसांपूर्वी, वसुबारसेला, दिवाळीच्या खरेदीला म्हणून मंजुषा नाशकात आली होती. रंगनाथला औषधांच्या दुकानात द्राक्षांवरच्या भुरी रोगाबद्दल बोलत सोडून ती कोर्टामागच्या गल्लीत गेली. सायली तिथल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे, हे तिने ऐकलं होतं. जाऊन काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. हातात दिशासाठी घेतलेला फ्रॉक होता, तेवढंच.

सायली मशीनच्या हिरव्या उजेडात उभी होती. वाळली होती, पण रडवेली वगैरे काही नव्हती. मंजुषाला बघून तिने भुवई वर केली.

"या, मालकीणबाई."

मंजुषाने फ्रॉकची पिशवी काउंटरवर ठेवली. "वहिनी, मी..."

"वहिनी नाही आता. सायली म्हणा. बसा." तिने एका गिऱ्हाइकाची पानं टाचून दिली, मग खणातून एक कागद काढला. "हे वाचलंत का कधी?"

रजिस्टर झालेल्या हक्कसोडपत्राची शिक्क्याची नक्कल होती. एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती. मंजुषाने वाचली. पुन्हा वाचली.

'मला माझ्या बहिणीकडून आजवर वेळोवेळी सणावाराला साडीचोळी, बांगडी व मानपान मिळत आला असून आजरोजीही साडीचोळी पावली आहे. त्याबद्दल माझी काही एक तक्रार नाही.'

"ह्यांना साडीचोळी मिळाली म्हणे," सायली म्हणाली. "नेसले कधी, ते मात्र लिहिलेलं नाही."

मंजुषाला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सायली हसली नाही. तिचं हसून झालं असावं.

"दिवसभर लोकांचे कागद माझ्या हाताखालून जातात, ताई. तेव्हा कळलं, लोक सही करतात, वाचत नाहीत. मी वाचते. दुसरं कामच काय आहे?" तिने नक्कल परत खणात ठेवली. "माझ्या वकिलांनी सांगितलंय. ही जमीन तुमच्याकडे आहे तोवर मला काही करता येणं कठीण. पण तुम्ही ती त्यांना परत केलीत, की दोन कागद होतात. जातानाचा आणि येतानाचा. दोन्ही जजसाहेबांपुढे ठेवले की पोटगी नव्याने ठरते. आणि खोटी शपथ घेतल्याचं निघेल ते वेगळंच."

"म्हणजे मी परत करू?"

"मी कशाला सांगू? मालकीण तुम्ही." सायलीने दुसऱ्या गिऱ्हाइकाचं रेशनकार्ड काचेवर उलटं ठेवलं. "मला तुमची जमीन नको. त्यांनी एकदा, एका तरी माणसापुढे, दिशाचं काहीतरी आहे असं म्हणावं. एवढ्याचसाठी मी नक्कल काढली."

निघताना तिने नकलेची झेरॉक्स काढून मंजुषाला दिली. पैसे घेतले नाहीत. "घरचं काम आहे," म्हणाली.

तेव्हापासून मंजुषाने मनाशी धरलं होतं. दादाने आज आपणहून दिशाचं नाव काढलं, तर हसत सही करायची. नाही काढलं, तर? त्या 'तर'च्या पुढे तिचं मन जात नव्हतं. जात नव्हतं म्हणण्यापेक्षा, पुढे अडीच एकर शेवंती डुलताना दिसायची आणि ते तिथेच रेंगाळायचं.

*

माहेरच्या दारात भारत स्वतः पुढे आला आणि त्याने तिच्या हातातला करंज्यांचा डबा घेतला. असं अकरा वर्षांत झालं नव्हतं.

"ये, ये. दाजी, या. प्रवास बरा झाला ना?"

"बसायला मिळालं," मंजुषा म्हणाली.

ओसरीवर धोंडीरामकाका गादीवर बसले होते. भागुबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. लेकीच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी बोटं कडाकडा मोडली आणि हळूच विचारलं, "पोर कुठं दिसली का तुला?" दिशा तीन दिवाळ्या ह्या घरात आली नव्हती. भारतपुढे तिचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून भागुबाई नुसतं 'पोर' म्हणत.

"बरी हाय," मंजुषाही हळूच म्हणाली.

रांगोळी काढलेली होती, पाट मांडलेला होता, ताटात निरांजन, सुपारी, अंगठी सगळं तयार होतं. आणि पाटाशेजारी, रांगोळीच्या टिपक्यांवर अर्धवट चढलेला, एक स्टॅम्पपेपर होता. त्यावर झेंडूचं फूल ठेवलेलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"आधी ओवाळणं होऊ दे ना," मंजुषा म्हणाली.

"होईल की. पाच मिनिटांचं काम आहे," भारत म्हणाला. "झुंबरभाऊंनी काल करून ठेवलाय. तू आज सही कर, उद्या कचेरी उघडली की अंगठा देऊन मोकळी. गाडी आहेच. आई, ती साडी काढ. ह्या खेपेला मंजूला साडी मिळाल्याशिवाय सोडायचं नाही."

भागुबाई ट्रंकेकडे गेल्या.

"कसं हाय, मंजू," धोंडीरामकाकांनी घसा साफ केला. "दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असली का माणसानं झोपू नये. तुझ्या बापानं शेजाऱ्याची कुदळ आणली, तरी दिवे लागायच्या आत पोचती करायचा. आपलं घराणं त्या चालीचं हाय."

"खरं बोलताय काका," मंजुषा म्हणाली. "मग आजच्या दिवशी सगळ्यांनीच करू. दादाची जमीन मी देते, दादाची मशीनं तुम्ही द्या. झुंबरभाऊंना दोन कागद एकदम सांगू, स्वस्तात करतील."

विहिरीवरच्या मोटारीचा आवाज तेवढा येत राहिला. भारतने काकांकडे पाहिलं. ते पाहणं ऑगस्टपासून चालू होतं आणि काका दरवेळी दुसरीकडे बघत आले होते.

"मशिनीचं वेगळं असतं," काका म्हणाले. "लोखंड हाय ते. माझ्या अमोलनं त्याच्यात तेलपाणी घातलंय, नवा बोर्ड लावलाय. लोखंडाची आन् जमिनीची तुलना नाय करता येत."

"बोर्डावर नाव कुणाचं आहे?" मंजुषाने विचारलं.

"अमोलचंच. पोरगं उभं हुतंय, उभं राहू दे म्हटलं."

"काका, निकालानंतर आठ दिवसांत देतो म्हणाला होता तुम्ही," भारत म्हणाला.

"देतो म्हणलो, नाय म्हणलो का? ह्या घरात कुणी कुणाला नाय म्हणलंय कधी?"

रंगनाथला हसू आवरेना. त्याने ते करंजीत दडवलं. "भारतराव, राग मानू नका. पण कागद झाला तो राजीखुशीनं झाला. हिनं काय तुमचा हात धरून सही घेतली? मी मधी बोलत नाय, पण व्यवहार म्हंजी व्यवहार."

"दाजी, व्यवहार नव्हता तो. नावापुरता कागद होता. सगळ्यांना माहीत आहे."

"जजसायबाला माहीत हाय का?" रंगनाथने निरागसपणे विचारलं.

भारतचा आवाज चढला. "मंजे, तू तरी बोल. तुझ्यावर विश्वास टाकला मी. बायकोवर टाकला नाही, तुझ्यावर टाकला."

मंजुषाने पिशवीतून झेरॉक्स काढली. तिने ती मांडीवर ठेवून वाचली. सगळी नाही, पेन्सिलची रेघ होती तेवढीच ओळ. साडीचोळी, बांगडी व मानपान. आजरोजीही साडीचोळी पावली. काही एक तक्रार नाही.

"हे काय आहे?" भारतने विचारलं.

"तुझा कागद. तुझी सही आहे खाली."

त्याने कागद हिसकून घेतला, वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली. मागे काही नव्हतं. "झुंबऱ्या!" तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

रंगनाथला ठसका लागला. धोंडीरामकाका गंभीरपणे म्हणाले, "पण मग साडी दिली का न्हवती?" आणि आपण काय विचारलं हे ध्यानात येऊन गप्प बसले.

"ही नक्कल तुला दिली कुणी?" भारत म्हणाला.

"सायलीवहिनीने."

आता मोटारही कुणीतरी बंद केली असावी. मंजुषाने पाठ केल्यासारखं सांगून टाकलं: मी आज सही केली, उद्या नोंद झाली, की वहिनी दोन्ही कागद घेऊन कोर्टात जाणार. जातानाचा आणि येतानाचा.

"जाऊ दे तिला! निकाल लागलाय," भारत म्हणाला.

"निकाल लागला तरी पोटगी वाढवून मागता येती," धोंडीरामकाका एकाएकी म्हणाले. कोर्टकचेरीतलं त्यांना पुष्कळ कळत असे, आणि आता ते कळल्याचा त्यांना त्रास होत होता. "आन् जज एकदा उकरायला लागला का जमिनीवर थांबत न्हाई. म्हणंल, ह्याची मशीनं कुठं गेली? कोन ह्यो धोंडीराम? बोलवा त्याला." त्यांनी उपरण्याने मान पुसली. "भारत, मी काय म्हणतो, घाई कशाला? जमीन काय पळून चालली? बहिणीकडंच हाय. राहू दे दोन-चार वर्षं."

"आता तर कुदळीचं सांगत होता!"

"कुदळ येगळी."

भारत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यभर दुसऱ्याला हिशेब कळू न देणाऱ्या माणसाला आज स्वतःचाच हिशेब कळत नव्हता. सायलीला द्यावं लागू नये म्हणून त्याने मशीनं काकांना दिली, ती गेली. जमीन बहिणीला दिली, ती परत मागावी तर सायली हजर. कागद खोटा होता म्हणून कोर्टात जावं, तर जज विचारणार, खोटा का केला?

मंजुषाला त्याची दया आली. लहानपणी विहिरीत बादली सोडून दोर हातातून सुटला, की तो असाच काठावर उभा राहायचा. ती पुढे सरकली. आपला आवाज इतका मऊ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"दादा, एक सोपी वाट आहे. आपणच वहिनीकडे जाऊ. तू म्हण, जमिनीतलं इतकं दिशाचं. मी आत्ता सही करते. बाकीचं तुझं तुला. कोर्टात कुणीच जाणार नाही."

दारात भागुबाई साडी छातीशी धरून उभ्या होत्या. त्या मुलाकडेच बघत होत्या, हे मंजुषाने पाहिलं.

"तिच्यासाठीच तर एवढं सगळं केलं," भारत म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तिला जाऊ नये म्हणून. आता तिलाच नेऊन देऊ? लोक काय म्हणतील? शेण खाल्लं ते खाल्लं, वर ढेकरही द्यायचा?"

"वहिनीला नाही, दिशाला. तुझी मुलगी आहे ती. आठ वर्षांची."

"एकच ते." तो पाटावर बसला. उगाचच टोपी घातली, काढली. पुढच्या वर्षी कुंभमेळा होता, त्यासाठी रस्ता रुंद व्हायचा होता, आणि जमिनीला काय भाव येणार हे त्या ओसरीवर सगळ्यांना पाठ होतं. तरीही शेवटी तो म्हणाला, "राहू दे मग तुझ्याकडेच. तिच्या घशात जाण्यापेक्षा घरात राहिलेलं बरं."

"विचार करून बोल, दादा."

"केला. ठेव तुला. घे! तेवढंच म्हणायचं होतं ना तुम्हा सगळ्यांना? भाऊबीज समज."

रंगनाथने नकळत हात जोडले. धोंडीरामकाकांनी 'शाब्बास' म्हणून मांडीवर थाप मारली. घराणं कसं, एकमेकांसाठी जीव टाकणारं.

क्षणभर मंजुषाला काहीच ऐकू आलं नाही. भावाने चार माणसांत, शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने दिलं होतं. आता चोरीही नव्हती. सातबाऱ्याच्या तीन नकला तिच्या पोथीत होत्या, आणि आज पहिल्यांदा त्या खऱ्या झाल्या होत्या. शेवंती डुलायला लागली. ती अगदी ओठांवर आलेलं 'बरं' गिळून बसली, आणि ते गिळायला तिला किती वेळ लागला, हे तिच्याखेरीज कुणाला कळलं नाही.

"सगळ्यांनी ऐकलं ना?" ती म्हणाली. "दादाने मला भाऊबीज घातली. आता ते माझं."

"तुझंच," रंगनाथ म्हणाला.

"मग माझ्या वस्तूचं मी ठरवणार. माझा बापाकडचा वाटा माझा मला राहील. आणि दादाचा जो वाटा माझ्याकडे आला, तो मी माझ्या भाचीला देते. दिशाला. उद्या गाडी आहेच, झुंबरभाऊंकडे जाऊ."

करंजी रंगनाथच्या हातातून ताटलीत पडली. "ए!" तो म्हणाला. वर्षभराने तिचं जुनं नाव परत आलं. "ए, डोकं फिरलं का? त्यापरीस भावाला दे! निदान सख्ख्याच्या घरात राहील!"

"तुम्ही मध्ये बोलत नाही ना?"

भारत उठून उभा राहिला होता. "मग फरक काय राहिला? शेवटी तिथंच गेलं ना ते?"

"फरक एवढाच, की बाप देणार होता, आता आत्या देतेय."

काका उपरणं झटकून उठायच्या बेतात होते, पण ओवाळणं व्हायचं होतं, आणि जेवायला बासुंदी होती. मंजुषाने निरांजन लावलं. "बैस, दादा. उशीर झालाय."

तो बसला. न बसून काय करणार होता? तिने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी फिरवून ओवाळलं. त्याने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. ओवाळणी घालून झालेली होती.

"आई, साडी दे इकडं."

भागुबाईंनी साडी दिली. मंजुषाने तिची घडी नीट केली, वरून हात फिरवला. सहा वर्षं ही साडी तिची वाट बघत होती, आणि खरं सांगायचं तर तीही साडीची. रंग अजून तस्साच होता. तिने ती भावाच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"हे काय?" भारत म्हणाला.

"कागदात लिहिलंय ना, आजरोजी पावली म्हणून. सरकारी शिक्का आहे त्यावर. खोटा नको राहायला."

रंगनाथ भिंतीकडे बघत होता. धोंडीरामकाकांना हसावं की नाही ते कळेना, म्हणून ते खोकले. भारतला साडी खाली ठेवता येईना. लहानपणापासून घरात शिकवलेलं होतं की दिलेलं वस्त्र खाली ठेवू नये.

"अगं थांब, थांब," भागुबाई म्हणाल्या, आणि लगबगीने आत गेल्या. "ओटी भरल्याबिगर साडी देत्यात का कुठं?"

त्यांनी हे भोळेपणाने म्हटलं की काय, ते मंजुषाला पुढे कधीच कळलं नाही. त्या नारळ आणि ओंजळभर तांदूळ घेऊन बाहेर आल्या, मुलासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांनी ते अंजिरी साडीवर सावकाश ठेवले. मग पदर डोळ्यांना लावून लेकीला म्हणाल्या,

"उद्या कचेरीत पोरीलाबी आणतील ना? मग एक करंज्यांचा डबा मीच घेऊन येते."